शिंपल्यांचा ढीग आणि आपली कोतरं

संपादक महोदय,

विश्वामित्री नदीच्या कोतरांबद्दल, म्हणजे काठच्या घळींबद्दल, बडोद्यात सगळेच बोलतात, 2024 च्या ऑगस्टात पाणी घरात शिरलं तेव्हा तर फारच, पण मी जरा लांबून सुरुवात करते. मुलगा ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलला असतो, दिवाळीनंतर आम्ही दोघं गेलो होतो. तिथे समुद्राला लागून 32 किलोमीटर रेतीचे डोंगर आहेत, वारा येईल तसे सरकणारे. गाडी न्यायची तर आधी परमिट, आणि तीही ठरवून दिलेल्या भागातच. आमचे हे म्हणाले, रेतीवर चालायचं पण तिकीट!

एका ठिकाणी पांढऱ्या शिंपल्यांचा थर दिसला, मी एक उचलली, तर मुलगा म्हणाला आई ठेव ती जागेवर. तिथल्या वोरिमी आदिवासींच्या पूर्वजांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्या त्या, कितीतरी पिढ्यांच्या. माझ्या आजोळी रत्नागिरीला तिसऱ्यांचं सुकं झालं की परसात असाच ढीग पडायचा, म्हणून मला एकदम घरचंच वाटलं ते, आणि जरा लाजही वाटली. त्याच रेतीत त्यांची माणसं पुरलेली आहेत, मग कोणी कुठेही जीप घालून कसं चालेल?

पण खरी गंमत पुढे आहे. 2007 मध्ये ही साधारण 4,200 हेक्टर जमीन वोरिमींना परत दिली आणि सरकारने ती त्यांच्याकडूनच लीजवर घेतली, म्हणजे सरकार भाडेकरू! कारभार बघणाऱ्या बोर्डात बहुमत वोरिमींचं. सरकारी रेंजर आहेत, टुरिस्टही भरपूर येतात, उंटावर बसतात, रेतीवरून घसरतात, कोणाला हाकलून दिलेलं नाही. फक्त कुठे जायचं नि कुठे नाही हे ठरवताना ज्यांचे पूर्वज तिथे आहेत त्यांचं मत वजनदार, नुसतं उद्घाटनाला बोलावून शाल घालायची असं नाही.

आणि आमच्या सोसायटीमागच्या कोतरात रात्री ट्रॅक्टर येतो, मलबा ओततो नि जातो. तक्रार केली तर अधिकारी म्हणाले, कोतरांचा प्लॅन तयार होतोय. होऊ दे की, पण मगरी कुठे अंडी घालतात, पाणी आधी कुठून चढतं हे काठावरच्या झोपड्यांतली म्हातारी माणसं बोट दाखवून सांगतात, मी स्वतः ऐकलंय. त्या प्लॅनच्या मीटिंगला त्यांच्यातल्या दोघांना तरी खुर्ची द्या, आणि मताचा हक्क पण द्या.

एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदा