बाळंतपण ठाण्यातच

ठाणे (पश्चिम),
१४ डिसेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय निघाला की आईचा आवाज भरून येतो आणि बाबा 'बघू, बघू' म्हणून फोन ठेवतात. म्हणून लिहूनच कळवते, दोघं सावकाश वाचा. बाळंतपणाला मी चिपळूणला येत नाहीये. इथेच, ठाण्यात करायचं ठरवलंय.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मोडायची मला हौस नाही, आणि तिथल्या डॉक्टरांवर अविश्वास तर मुळीच नाही. आठव्या महिन्यात त्या महामार्गावरून यायचं (मी कॉलेजात होते तेव्हापासून त्याचं काम चालू आहे!) हेही एक कारण आहे, पण ते चारचौघांत सांगायचं. खरं कारण तुमचे जावई.

बाबा, तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलंत ते बाराव्या दिवशी. एसटीने गुहागरला आलात, बारसं उरकलंत आणि दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. तेव्हा सगळ्यांचंच तसं असायचं, तुम्हाला बोल लावत नाही. पण तीन महिन्यांनी आई मला घेऊन घरी आली, तोवर तिला सगळं येत होतं आणि तुम्हाला काहीच नाही. मग लंगोट, जागरणं, डॉक्टर, सगळं तिच्याकडेच राहिलं, ते माझी दहावी होईपर्यंत. मी तीन महिने तिकडे राहिले तर इथेही तेच होणार. हा शनिवार-रविवार पाहुण्यासारखा येणार, बाळाला हसवणार, फोटो काढणार आणि रडलं की माझ्याकडे देणार. त्यापेक्षा पहिल्या रात्रीपासून दोघंही सारखेच अडाणी असलेले बरे.

तयारी चालू आहे. रात्री जेवणं झाली की तांदळाची तीन किलोची पिशवी माझ्या जुन्या ओढणीत गुंडाळायचा सराव चालतो. डोकं कुठलं आणि पाय कुठले यावर आमचं अजून एकमत नाही. परवा पिशवी फुटली, हॉलभर तांदूळ. पण हात बसतोय आता.

खासगी नोकरीत बापाला भरपगारी रजा द्यायलाच हवी असा कायदा आपल्याकडे नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस मिळतात. याच्या कंपनीत पाच, तेही उपकार केल्यासारखे. म्हणून हा सुट्ट्या साठवतोय. गणपतीत एका दिवसात परतला म्हणून बाबा रुसले होते ना, ते यामुळे. जन्मल्याबरोबरच्या लसी हॉस्पिटलमध्येच होतील. पुढे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला जायचं, त्या तिन्ही वाऱ्या त्याच्या. लसीनंतर ताप आला तर रात्री जागायचं तेही त्यानेच.

माझ्या रजेचा हिशेब सरळ आहे. आई, तुला शाळेत तीन महिने मिळाले होते. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे मिळतात. त्यातले आठ आठवडे आधी घेता येतात, पण मी दोनच घेणार आणि बाकीचे बाळासाठी ठेवणार. म्हणजे बाळ साडेपाच महिन्यांचं होताना ऐरोलीच्या ऑफिसात परत. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला पाळणाघराची सोय करावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येता येतं. आमचं शेजारच्या बिल्डिंगमध्ये आहे, बघून आले. बाई खमक्या आहेत, मला आवडल्या.

आता आई, तुझ्यासाठी. तू यायचंच आहेस, आणि बाबांना तिकडे डबा लावून एकटं ठेवायचं नाही, दोघांनी यायचं. मालीश, न्हाऊ घालणं, टाळू भरणं तुझ्या हाताने. माझी साखरेची तपासणी चांगली आली आहे, तेव्हा डिंकाचे, अळिवाचे लाडू बिनधास्त कर. पण शेगडी नाही. बंद खोलीत कोळशाचा धूर बाळाला आणि मला दोघांनाही वाईट. गुटीची सहाण तिकडेच राहू दे. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, आणि मध तर वर्षभर चाटवायचा नाही. यावर आपलं भांडण होणार हे मला माहीत आहे. ते आत्ताच फोनवर करून टाकू, बाळासमोर नको.

आणखी एक. बाळंतपणानंतर काही दिवस उगाचच रडू येतं म्हणतात, ते आपोआप ओसरतं. दोन आठवडे झाले तरी मी तशीच दिसले, तर दृष्ट काढ हवं तर, पण डॉक्टरांकडेही ने. हे याला सांगितलंय, तुलाही सांगून ठेवते. मी स्वतः तेव्हा 'काही नाही झालं' म्हणेन, ते ऐकू नका.

आणि मग मे संपला की तुम्ही परत जा. हे लिहिताना हात अडखळतोय, पण लिहितेच. आमच्या सोसायटीत लातूरकडचे एक काका-काकू आहेत, नातवासाठी आले ते आलेच. काकू दिवसभर त्याच्या मागे. काका संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर बसून गावाकडच्या कुणाकुणाला फोन लावतात, पलीकडून कुणी उचलला नाही की पुढचा नंबर. तुझे गुडघे, बाबांचं बीपी, बाबांची ती हापूसची कलमं, भजनी मंडळ, हे सगळं सोडून आमची नोकरी सांभाळायला तुम्ही इथे अडकायचं नाही. नातवंडाची जबाबदारी आमची. तुम्ही लाड करा.

बाकी सगळं मार्गाला लागलंय. हॉस्पिटल मुद्दाम घोडबंदर रोडच्या आमच्याच बाजूचं घेतलंय, लहान बाळांचा अतिदक्षता विभागही तिथेच आहे. ऑफिसच्या विम्यात बाळंतपणाला मर्यादा आहे, सिझर करावं लागलं तर वरचे पैसे बाजूला काढलेत. तुम्ही पाठवू नका.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्याची तारीख आहे. तुम्ही फेब्रुवारीअखेर या. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे महिनाअखेरीलाच बघायला हवं. मांडवीने आलात तर ठाण्याला उतरा, हा घ्यायला येईल. खालचे बर्थ मिळाले तरच काढते. कुठली तारीख सोयीची ते बाबांनी कळवावं, आणि कुळथाचं पीठ आणा, इकडचं काही खरं नाही.

तुमची,
बबी