रंग पाहू नका, जोड ओढून पाहा

संपादक महोदय,

सुट्टीत मुलांना रिमोटचे तयार विमान घेऊन देणारे पालक आता नाशिकमध्येही बरेच दिसतात. मला त्याचा मनापासून आनंद आहे. ओझरच्या विमान कारखान्यात २९ वर्षे मी तपासणी विभागात होतो. निवृत्तीनंतर शाळकरी मुलांना मॉडेल विमाने शिकवतो, त्यामुळे नवे विमान खोक्यासकट माझ्याकडे येते. घेताना काय पाहिले, असे विचारले की पालक पंखांची लांबी, रंग आणि किंमत सांगतात. या तिन्हींवरून विमानाची प्रत कळत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या डिसेंबरात सिन्नरकडच्या एका माळावर आठवीतल्या मुलाचे नवेकोरे विमान उडवत होतो. बाल्सा लाकडाचे, १.४ मीटर पंखांचे शिकाऊ विमान. कव्हरिंगवर, म्हणजे वरच्या पातळ आवरणावर, एक सुरकुती नव्हती. तिसऱ्या फेरीत पूर्ण थ्रॉटल दिला आणि मोटर प्रॉपेलरसकट नाकातून उखडली. नाकातले वजन जाताच विमान शेपटीवर बसले आणि मुलांपासून वीस पावलांवर आदळले. मोटर ज्या प्लायच्या फळीवर बसते तिला फायरवॉल म्हणतात. तिच्या चारपैकी दोनच कडांना गोंद लागला होता, बाकी दोन कडांचे लाकूड कोरे होते. ती फळी मी आधी ओढून पाहिली नव्हती, याची रुखरुख अजून जात नाही.

तयार विमानात हीच अडचण आहे. सांगाडा जोडून त्यावर कव्हरिंग चढवलेले असते, त्यामुळे गोंद कुठे लागला आणि कुठे राहिला हे डोळ्यांना दिसत नाही, हातालाच कळते. आता मी फायरवॉल अंगठा आणि बोटांत धरून चारी बाजूंना जोर देतो. किंचित करकरली तरी आतून तिकोनी लाकडी पट्ट्या बसवून अर्ध्या तासात वाळणारा इपॉक्सी भरतो. त्यानंतर प्रत्येक हिंज, म्हणजे हलत्या पट्ट्यांची बिजागरी. एलेरॉन (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) आणि एलिव्हेटर (आडव्या शेपटीची हलती पट्टी) धरून सरळ बाहेर ओढायचे, हलके नाही, चांगले जोराने. हातात यायचे असेल तर ते घरीच आलेले बरे.

पंख जेवणाच्या टेबलाच्या काचेवर ठेवा. मागची कड एका टोकाला तीन-चार मिलिमीटर उचललेली दिसली, तर पंखाला पीळ आहे आणि विमान कायम एका अंगाला झुकणार. शेपटी गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का, हे सुतारासारखे दोऱ्याने मोजता येते: शेपटीच्या मध्यापासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंतचे अंतर सारखे भरले पाहिजे. सर्व्हो, म्हणजे या पट्ट्या हलवणारी छोटी मोटर, चालू ठेवून एलिव्हेटरची मागची कड बोटाने हलवा. दोन मिलिमीटरहून जास्त ढिलाई असेल, तर वेगात ती कड फडफडू लागते, आणि एकदा फडफड सुरू झाली की हिंज टिकत नाहीत.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते सीजीकडे, म्हणजे विमान ज्या बिंदूवर तोलले जाते त्याकडे. शिकाऊ विमानाच्या पंखाची रुंदी २३० मिलिमीटर असेल, तर पुढच्या कडेपासून साधारण ६० ते ७० मिलिमीटरवर दोन बोटांनी ते समतोल राहावे, अर्थात बॅटरी बसवून. शेपूट जड असेल, तर रिमोटची काठी जराशी ओढली तरी नाक वर उसळते आणि विमान स्टॉल होते, म्हणजे पंखांची उचल संपून ते खाली येते. नवख्या हाताला ते आवरत नाही. माझ्याकडे आलेल्या एका विमानाच्या नाकात ९० ग्रॅम शिसे घालावे लागले. शेपटीला जड बाल्सा वापरला होता, दुसरे काही नाही. खोक्यावर वजन १३०० ग्रॅम छापलेले, काट्यावर भरले १५६०. हा वाढीव भार उतरताना वेगाच्या रूपाने समोर येतो आणि चाकांचा पाया पहिल्याच दिवशी उपटतो.

फोमची विमाने म्हणजे कमअस्सल, हा समजही सोडावा. पंखात कार्बनची दांडी असलेले चांगले ईपीओ फोमचे विमान पहिल्या वर्षासाठी मी स्वतः सुचवतो. फक्त दोन्ही टोके धरून पंख हळूच वर वाकवून पाहा. मधोमध घडी पडू लागली, तर आत दांडी नाही.

विक्रेत्यांना विनंती आहे की गिऱ्हाईकाला खोके उघडून जोड तपासू द्यावेत. बॅटरीसह खरे वजन आणि सीजीचे माप खोक्यावर छापावे, आतल्या पुस्तिकेत लपलेले नको. पालकांनीही पहिल्या उड्डाणाआधी प्रॉपेलर काढून मोटर चालू करावी आणि रिमोट बंद करून पाहावा. मोटर तिथल्या तिथे थांबली नाही, तर त्या दिवशी विमान मैदानावर नेऊ नये.

– एक निवृत्त तपासनीस, नाशिक