चाचणीतून नाव वगळताना कारण मराठीत सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंहगड रस्त्यावर माझे औषधांचे दुकान आहे. वजन कमी करणारी इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात आली, मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही. तेव्हापासून काउंटरवर त्यांची चौकशी थांबलेली नाही. किंमत ऐकली की माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग हमखास विचारतो, "ट्रायलमध्ये फुकट मिळतं म्हणे, आपल्याला घेतील का?" आपल्या दैनिकात या औषधांविषयी पुष्कळ छापून येते. पण ती माणसांवर तपासून पाहणाऱ्या चाचण्यांत, म्हणजे ट्रायलमध्ये, कोणाला घेतात, कोणाला नाही आणि का, हे सामान्य माणसाला कोणी धड सांगत नाही. म्हणून हे पत्र.

आमच्या भागात चार घरी पोळ्या करणाऱ्या एक मावशी आहेत. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ६६ किलो, कंबर ९४ सेंटिमीटर. गुडघे धरलेले. उपाशीपोटीची साखर ११८, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. बीपी आणि कोलेस्टेरॉल मात्र ठीक. लेकीने चाचणीसाठी नाव नोंदवले, एका रुग्णालयातून बोलावणे आले, मावशी सकाळची कामे बुडवून गेल्या. तिथे वजन-उंची मोजली, दोन-चार प्रश्न विचारले आणि "तुम्ही यात बसत नाही" एवढे सांगून घरी पाठवले. दुकानात आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. म्हणाल्या, "ताई, माझ्यात काय खोट निघाली?"

खोट काहीच नव्हती. त्यांचा बीएमआय, म्हणजे वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, साडेअठ्ठावीस भरतो. या औषधांच्या गाजलेल्या चाचण्यांत प्रवेशाचा आकडा ३० होता. वेगोव्हीतील सेमाग्लुटाइड या औषधाची 'स्टेप १' (२०२१, १,९६१ जण) घ्या किंवा मौंजारोतील टिर्झेपेटाइडची 'सरमाउंट १' (२०२२, २,५३९ जण) घ्या. २७ च्या पुढचे लोकही चालत, पण सोबत उच्च रक्तदाब, बिघडलेले कोलेस्टेरॉल, झोपेत श्वास अडकण्याचा विकार किंवा हृदयविकार यांपैकी काहीतरी हवे. मधुमेह असलेल्यांना या दोन्हींतून वगळले होते. काठावरची साखर आणि दुखरे गुडघे या यादीत नाहीत. मावशींना हे दोन वाक्यांत सांगता आले असते.

आता या ३० च्या आकड्याविषयी. हा आकडा आपल्या शरीराला लागू पडत नाही, हे जगाला पुण्यानेच दाखवून दिले आहे. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपली बाळे जन्मतःच वजनाने हलकी पण चरबी राखून असतात, हेही पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांच्या अभ्यासातून पुढे आले. म्हणूनच २००९ साली भारतीय डॉक्टरांनी एकमताने लठ्ठपणाची रेषा २५ वर आणली आणि कंबरेची मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ठरवली. म्हणजे दवाखान्यात मावशी लठ्ठ आणि चाचणीच्या दारात नाहीत!

अनेक देशांत एकाच वेळी चालणाऱ्या चाचणीला नियमही एकच लागतो, नाहीतर निष्कर्षांची तुलना होत नाही, हे मला मान्य आहे. पुण्यातल्या डॉक्टरांना तो आकडा परस्पर बदलता येत नाही, हेही खरे. पण चीनमध्ये तिथल्या लोकांपुरती वेगळी चाचणी झाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिर्झेपेटाइडच्या त्या चाचणीत प्रवेशाची रेषा २८ होती आणि सोबत एखादा विकार असेल तर २४. मग आपल्याकडे चाचणी आखताना हा आग्रह का धरला जाऊ नये? हा केवळ मानाचा प्रश्न नाही. 'स्टेप १'मधल्या लोकांचे सरासरी वजन होते १०५ किलो. त्यांचे वजन जवळपास १५ टक्के घटले, ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली. पण घटणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. मुळातच स्नायू कमी आणि पोटावर चरबी जास्त, अशा ६६ किलोच्या बाईचे काय होईल, हे १०५ किलोच्या माणसांवरून कसे ठरवायचे? तिच्यासारख्या बायका चाचणीत आल्या तरच ते कळणार.

बाकीच्या अटींबाबत मात्र माझी तक्रार नाही, उलट त्या पाळल्याच पाहिजेत. घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झालेला असेल तर नाव वगळतात, कारण या गटातील औषधांनी उंदरांमध्ये थायरॉइडच्या गाठी झाल्या होत्या. पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, तर तेच दुखणे पुन्हा उद्भवण्याची भीती असते. गेल्या तीन महिन्यांत वजन पाच किलोहून जास्त वर-खाली झाले असेल, तर पुढची घट औषधाने झाली की आधीच्या डाएटने, हे सांगता येत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना घेत नाहीत. मूल होऊ शकेल अशा वयात भरवशाचे गर्भनिरोधक वापरण्याची अट असते.

कारण सांगितले नाही की लोक या गोष्टी लपवतात. "मागची शुगर सांगितली नाही तर चालेल ना?" असे मला सरळ विचारले गेले आहे. एका नवविवाहितेला गर्भनिरोधकाचा प्रश्न विचारला तोही गर्दीच्या पॅसेजमध्ये, सासूबाई शेजारी उभ्या असताना. ती खरे काय बोलणार? अशा प्रश्नांसाठी दार लावता येईल अशी खोली आणि दहा मिनिटे एवढे तरी हवेच.

चाचण्या घेणाऱ्या शहरातील रुग्णालयांना आणि चाचण्यांना परवानगी देणाऱ्या त्यांच्या नैतिकता समित्यांना माझी विनंती आहे. फॉर्म भरून घेण्याआधी सगळ्या अटी, प्रत्येकीच्या कारणासकट, साध्या मराठीत छापून हातात द्या. नाव वगळलेत तर कोणत्या अटीमुळे, ते कागदावर लिहून द्या आणि आता कोणत्या डॉक्टरांकडे जायचे, तेही लिहा. मावशींच्या साखरेकडे तेव्हाच लक्ष द्यायला हवे होते. त्यांना ते कोणी सांगितलेही नाही.

ज्यांना नाव नोंदवायचे आहे, त्यांनी माहितीपत्रक आपल्या भाषेत मागून घ्यावे आणि घरी नेऊन वाचावे. औषध चाचण्यांसाठीच्या २०१९ च्या नियमांनुसार समजेल अशा भाषेत माहिती आणि पत्रकाची प्रत मिळणे हा तुमचा हक्क आहे. चाचणीमुळे काही इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळते, आणि कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते. काहींच्या वाट्याला नुसत्या पाण्यासारखे, औषध नसलेले इंजेक्शन येते आणि ते कोणाला आले हे डॉक्टरांनाही ठाऊक नसते, हे आधीच समजून घ्यावे. नोंदणी क्रमांकही विचारावा. जून २००९ पासून प्रत्येक चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत करावीच लागते, तो क्रमांक 'सीटीआरआय' या अक्षरांनी सुरू होतो आणि त्यावरून अटी कोणालाही पाहता येतात. त्या इंग्रजीत आहेत. अडल्यास जवळच्या औषध दुकानात विचारा, आम्ही वाचून दाखवू.

- एक फार्मासिस्ट, सिंहगड रस्ता, पुणे