खाली उतरण्याआधी वाच

छत्रपती संभाजीनगर

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोलता बोलता तू म्हणालीस, "पुढच्या आठवड्यात कनातीत उतरायचंय," म्हणजे तिथल्या जमिनीखालच्या पाण्याच्या भुयारात, आणि लगेच इराणातल्या यझ्दच्या उन्हाळ्यावर गेलीस. आईच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. तेव्हाच काही बोललो असतो तर भांडण झालं असतं, म्हणून लिहितोय. उतरू नकोस असं म्हणणार नाही. त्याच कामासाठी गेली आहेस.

तू निघाल्यापासून यझ्दवर मिळेल ते वाचतोय. पाटबंधाऱ्यात जन्म काढलेल्या माणसाला ते शहर आवडणारच. चहूकडे वाळवंट, पाऊस नावापुरता, आणि तरी १२७२ च्या सुमारास मार्को पोलो तिथून गेला तेव्हा रेशमी कापडाची मोठी पेठ. पाणी सगळं डोंगराच्या पायथ्याशी खणलेल्या मूळ विहिरीतून, भुयारातून, नुसत्या उतारावर चालत येणारं. झार्चची कनात सत्तर किलोमीटरहून लांब आणि थेट जामे मशिदीखालून जाते! वाटणी कशी, तर बुडाला भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची आणि ती किती वेळा बुडते ते मोजायचं. आपल्याकडे मुहूर्ताला घटिकापात्र ठेवत, तेच. आमच्या खात्यात एवढी कागदपत्रं, तरी पाणीपाळीची भांडणं काही मिटली नाहीत.

आता खोल बोअर आणि पंपांनी कनाती आटवल्या, आणि यझ्द इस्फहानकडून नळाने येणाऱ्या पाण्यावर जगतं. तिकडचे शेतकरी चिडून ती पाइपलाइन फोडतात. जायकवाडीवर नगर-नाशिकशी आपलं काय चालतं ते पाहिलेल्याला यात नवल नाही.

पण मी मुकन्नींबद्दलही वाचलं. कनात खणणारे ते लोक पांढरे कपडे घालून उतरत. खालीच राहिले तर तेच कफन. हे वाचायला नको होतं. तेलाचा दिवा सोबत असे, ज्योत मंदावली की वर यायचं. तुमच्याकडे मीटर असेल. तरी आधी हवा तपासायची, एकटीने उतरायचं नाही, डिझेलचं इंजिन तोंडाशी चालू असेल तर मुळीच नाही. आणि कोणी खाली पडलं तर त्याच्यामागे धावत उतरायचं नाही. वाडीच्या विहिरीवर नानांच्या मागे कोण उतरलं आणि काय झालं, तुला माहीत आहे. काकू अजून त्या बाजूला जात नाहीत.

झालं, लागलो शिकवायला. माफ कर. तुझ्या सरांना यातलं माझ्याहून जास्त कळत असणार.

मशिदीत कनातीपर्यंत जाणाऱ्या पायऱ्या आहेत म्हणे, आपल्या बारवेसारख्या. तिथून पाहून भागणार नाही का? नाहीच भागणार. आपल्याकडच्या भुयारी नहर-ए-अंबरीच्या उघड्या तोंडात डोकं घालून "बाबा, पाणी कुठून येतं?" असं ओरडणारी तूच. मी मागून फ्रॉक घट्ट धरला होता, आणि ती बांधणाऱ्या मलिक अंबरचं नाव तुला तिथेच पहिल्यांदा सांगितलं. म्हणजे सगळी माझीच करणी, असं आई म्हणते.

इथून तिकडे कामाला जाणारी तू पहिली नाहीस. मुंबईहून माणिकजी लिमजी हातरिया १८५४ मध्ये इराणात गेले आणि तिथल्या झरतुष्ट्रींवरचा, म्हणजे पारशांच्याच धर्माच्या लोकांवरचा, जिझिया कर उठावा म्हणून वर्षानुवर्षं शहाकडे खेटे घातले. १८८२ मध्ये तो उठला. पेन्शनीच्या कट्ट्यावर हे सांगून शेवटी "आमची सईही तिथेच आहे" असं जोडतो. देशपांडे आता मला पाहिलं की दुसरा बाक शोधतात.

आईने विचारलंय, अंगावरची खाज कमी झाली का, आणि मेथीचे लाडू संपले का.

उतरशील तेव्हा वर दोर कोण धरणार आहे ते आधी विचार आणि मला कळव. नाव नको, किती वर्षं हे काम करतोय तेवढं सांग. आणि वर आलीस की आधी मला फोन, फोटो नंतर.

तुझा,
बाबा

ता. क. दिवा नेता आला तर ने. मीटरची बॅटरी कधीही दगा देते.