धान्य आलं, पण तेल-तिखटाचं काय?

कोल्हापूर,
३ जुलै २०२०

प्रिय संदीप,

पैसे पाठवतो म्हणालास, धान्याचं किट घ्यायचं का विचारलंस. भावा, नुसतं धान्य नको.

मार्चअखेर कोरोनामुळं सगळं बंद झालं तेव्हा आमच्या तालमीतल्या पोरांनी चूल पेटवली. आमटी-भाताची पातेली टेम्पोत घालून शिरोली एमआयडीसीकडं न्यायचे. फौंड्रीतले परप्रांतीय कामगार, एका खोलीत सात-आठ जण, हातात पगार नाही आणि रेशनकार्ड गावाकडं. कार्ड नसलेल्या अशा लोकांना माणशी ५ किलो धान्य मे महिन्यात जाहीर झालं, तोवर आमच्या ओळखीतले बरेच जण श्रमिक रेल्वेनं निघून गेले होते.

इथल्यांचं दुखणं वेगळं. रेशनच्या अन्नसुरक्षा यादीत नाव असलेल्यांना एप्रिलपासून माणशी ५ किलो तांदूळ फुकट मिळतोय, आता नोव्हेंबरपर्यंत मिळेल. त्याचा फार मोठा आधार आहे, नाहीतर हाहाकार झाला असता. पण केशरी कार्ड असून यादीत नसलेले कितीतरी आहेत. त्यांना मे महिन्यात गहू ८ रुपये, तांदूळ १२ रुपये किलो. रिक्षा दारात उभी असलेल्या माणसानं तेही कुठून आणायचे?

आमच्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी आहेत. सगळ्या घरांनी त्यांना ‘सध्या येऊ नका’ म्हणून सांगितलं. घरात तांदूळ होता, पण सिलिंडर संपलेला, तेल नाही, चटणी नाही. शेजारणीच्या चुलीवर भात शिजवून पोरं मिठाशी खात होती. पाच रुपयांची शिवभोजन थाळी आहे, पण ओळखीच्या माणसांसमोर रांगेत उभं राहायला त्यांचा जीव धजेना. मग तालमीतली पोरं अंधार पडल्यावर डबा पोचवू लागली. फोटो काढायचा नाही, हे त्यांनी आपणहून ठरवलं. किट देताना फोटो काढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

शाहू महाराजांनी १८९६-९७ च्या दुष्काळात स्वस्त धान्याची दुकानं काढली, हे आपण शाळेत शिकलो. पण त्यांनी लोकांच्या हाताला कामंही दिली होती. विकत घ्यायला पैसाच नसेल तर स्वस्ताईचा काय उपयोग?

म्हणून तू पाठवशील त्यातून तेल, तिखट, डाळ घेऊ आणि मावशींसारख्या घरांचे सिलिंडर भरू. आणखी एक, तुझी पुरवठा खात्यात ओळख आहे ना? यादीत नाव घालण्याचे अर्ज आम्ही भरून घेतोय, ते कुठं अडतात तेवढं विचार. आणि तुझ्याकडं काम करणाऱ्या ताईंचा पगार चालू ठेवलायस ना? नसशील तर आधी तो दे, मग इकडं पाठव.

काकूंना नमस्कार.

तुझा,
विजय