सोळा पानी विवरणपत्र

बर्लिन,
१७ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा व आई यांच्या सेवेशी,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

दिवाळीचे पार्सल परवा हाती आले. चकल्यांचा पार चुरा झाला आहे, हे आईला कळू नये असे मनात होते; पण पत्र तुम्ही मोठ्याने वाचून दाखवता, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. लाडू आणि कडबोळी धडधाकट पोचली.

बाबा, मागल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत, की ज्यूंच्या संहाराचा हा भाग तू चार-चार आठवडे शिकवतेस, आकडे तर पुस्तकातच असतात आणि छायाचित्रे मुले मोबाइलवर पाहूनच आलेली असतात, मग वर्गात उभी राहून तू त्यांना नेमके देतेस तरी काय? त्या वेळी मी काहीतरी थातुरमातुर सांगून विषय बदलला, पण प्रश्न आठवडाभर माझ्या मागे लागला आहे. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला त्याचे उत्तर इतरांपेक्षा लवकर कळेल, असे वाटल्यामुळे आज सविस्तर लिहिते आहे.

माझ्या वर्गातली मुले पंधरा-सोळा वर्षांची आहेत. शाळा इंग्रजी माध्यमाची असल्याने एकाच बाकावर बसणाऱ्यांपैकी एकाचे आजोबा बर्लिनचे, दुसऱ्याचे पोलंडचे, तर तिसरीचे कुटुंब दहा वर्षांपूर्वी सीरियातून आलेले असते. काहींनी हा विषय लहानपणापासून इतका ऐकलेला असतो, की माझ्या पहिल्याच वाक्याला त्यांच्या चेहऱ्यावर पाठ केलेले गांभीर्य चढते. इतरांना हा आपला इतिहासच वाटत नाही. मला दुसऱ्या गटाचे अधिक कळते, कारण मी त्यांच्यातलीच आहे. आपल्याकडे हिटलर म्हणजे कडक हेडमास्तरांना पोरांनी पाडलेले नाव. पुण्याच्या पदपथांवर त्याचे आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांना खेटून मांडलेले असते आणि कोणाच्या कपाळावर आठी पडत नाही. अलिबाग-रेवदंड्याकडे तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले आणि घरात मराठीच बोलणारे ज्यू शतकानुशतके राहिले, हे मी वर्गात सांगते तेव्हा मुले चकित होतात. मला स्वतःला मात्र दहावी होईपर्यंत साठ लाख हा आकडा आणि एका छावणीचे नाव यांपलीकडे काहीही ठाऊक नव्हते.

पहिल्या वर्षी मी चूक केली. छावण्या मुक्त झाल्यावर घेतलेली प्रेतांच्या राशींची चित्रफीत मी पहिल्याच तासाला लावली. एक मुलगी उठून बाहेर गेली, दोघे मुलगे कसनुसे हसले, बाकीचे खाली मान घालून बसले, आणि तास संपल्यावर कोणी एक प्रश्नही विचारला नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन बॉयटेल्सबाखचा नियम सांगितला. श्टुटगार्टजवळच्या या गावी १९७६ साली नागरिकशास्त्राचे अध्यापक जमले होते आणि त्या बैठकीतून जी तत्त्वे निघाली, ती जर्मनीतले शिक्षक आजही प्रमाण मानतात. पहिलेच तत्त्व असे, की विद्यार्थ्याला भारावून टाकून, त्याची विचारशक्ती बधिर करून आपले मत त्याच्या गळी उतरवायचे नाही. मत कितीही योग्य असले तरीही नाही. ज्या देशाने एकेकाळी शाळाच्या शाळा भारावून टाकल्या, त्याला हे तत्त्व सुचावे यात नवल नाही. प्रेतांची चित्रफीत मी पुन्हा लावली नाही. त्या लोकांपैकी कोणालाही, त्या अवस्थेत आपले छायाचित्र घ्यावे का, असे विचारलेले नव्हते, ही गोष्टही मला नंतर सुचली.

आता मी सुरुवात रस्त्यावरून करते. शोनेबेर्ग भागात ‘बायरिशेस फियर्टेल’ नावाची जुनी, सधन वस्ती आहे. तेथे पुष्कळ ज्यू कुटुंबे राहत असत. आइन्स्टाइन यांचे घरही तिथेच होते. त्या वस्तीतल्या दिव्याच्या खांबांवर १९९३ साली दोन कलावंतांनी ऐंशी पाट्या लावल्या. पाटीच्या एका बाजूला साधेसे रंगीत चित्र असते, दुसऱ्या बाजूला नाझी काळातला एखादा हुकूम. पाट्या प्रथम लागल्या तेव्हा काही रहिवाशांना त्या खऱ्याच वाटल्या आणि त्यांनी पोलिसांना बोलावले; त्यानंतर प्रत्येक पाटीखाली ती स्मारकाचा भाग असल्याचा छोटा खुलासा जोडण्यात आला. मी मुलांना दोघादोघांच्या जोड्यांनी सोडते आणि पाट्यांवरच्या तारखा टिपून आणायला सांगते. वर्गात परतल्यावर आम्ही ते हुकूम कालक्रमाने भिंतीवर लावतो. एप्रिल १९३३ मध्ये ज्यू सरकारी नोकरांना काढण्याचा कायदा, नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यू मुलांना सरकारी शाळांची दारे बंद, युद्ध सुरू होताच रेडिओ जमा, जुलै १९४० पासून बर्लिनमध्ये ज्यूंनी किराणा फक्त दुपारी चार ते पाच या वेळातच आणायचा, सप्टेंबर १९४१ पासून छातीवर पिवळा तारा, आणि मे १९४२ मध्ये मांजर-कुत्रे पाळायलाही मनाई. ज्यांची रवानगी करायचे ठरलेच होते त्यांची मांजरे कोणाच्या डोळ्यांत का खुपावीत, यावर दरवर्षी मुले एक अख्खा तास घालवतात, आणि मी तो घालवू देते.

‘मग ते पळून का गेले नाहीत?’ हा प्रश्न याच टप्प्यावर येतो. पूर्वी मी त्याचे उत्तर देत असे. आता मुलांनाच व्हिसाचे कागद आणि करांचे नियम शोधायला लावते. बाहेर जाणाऱ्याची मालमत्ता करापोटी काढून घेतली जाई. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ येथे बत्तीस देशांचे प्रतिनिधी निर्वासितांचा प्रश्न सोडवायला बसले, पण बहुतेकांनी सहानुभूती तेवढी व्यक्त केली. मोजके लोक मुंबईपर्यंतही पोचले. आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये तर देश सोडण्यावरच बंदी आली. त्याच महिन्यात बर्लिनमधून ज्यूंना पूर्वेकडे नेणाऱ्या गाड्या सुरू झाल्या होत्या.

बाबा, आता तुमच्या खात्याकडे वळते.

आमच्या इमारतीच्या दारासमोर फरसबंदीत दोन पितळी दगड बसवलेले आहेत, प्रत्येकी दहा सेंटिमीटरचे. ‘येथे राहत होते’ असे म्हणून नाव, जन्मवर्ष, नेल्याची तारीख, ठिकाण. गुंटर डेमनिष नावाच्या कलावंताने नव्वदच्या दशकात सुरू केलेल्या या कामात आता युरोपभर एक लाखाहून अधिक दगड बसले आहेत. पहिले कित्येक महिने मी त्यांना वळसा घालूनच दाराशी जात असे. नाव लिहिलेल्या गोष्टीला पाय लागायचा नाही, हे आईने इतके अंगात मुरवले आहे. पुढे कळले, की म्युनिकच्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष शार्लोटे क्नोब्लोख यांचाही आक्षेप अगदी हाच आहे आणि त्या शहराने सार्वजनिक रस्त्यांवर हे दगड बसवू दिलेले नाहीत. मला तो आक्षेप पटतो, आणि तरीही ९ नोव्हेंबरला, म्हणजे १९३८ साली ज्यूंची दुकाने आणि प्रार्थनास्थळे फोडली-जाळली गेली त्या रात्रीच्या स्मृतिदिनी, शेजारची मुले गुडघ्यांवर बसून ते दगड घासूनपुसून लख्ख करतात तेव्हा दगड तिथे आहेत याचे समाधानही वाटते.

त्या दोघा पतिपत्नींची फाईल पॉट्सडामच्या अभिलेखागारात आहे. तिच्यातल्या मुख्य कागदाची प्रत मी वर्गात वाटते. ते सोळा पानी मालमत्तेचे विवरणपत्र आहे. रवानगीचा हुकूम आलेल्या प्रत्येकाने ते स्वतः भरून द्यायचे असे. बँकेतल्या ठेवी आणि विम्यापासून सुरुवात होते आणि मग खुर्च्या, गाद्या, पडदे, टॉवेल, अंतर्वस्त्रे असे रकाने. ज्या बाईने ते भरले, तिने हातरुमालांची संख्या आधी एक लिहून, खोडून, दुसरी लिहिली आहे. माझी मुले त्या खाडाखोडीवर खिळतात. साठ लाखांशी ज्यांना काही करता येत नव्हते, ती मुले विचारतात, ‘तिने पुन्हा मोजले असतील का?’

पुढचे कागद तुम्हाला ओळखीचे वाटतील. जप्तीचा हुकूम कोर्टाच्या बेलिफामार्फत बजावल्याचा दाखला, कारण बजावणीशिवाय जप्ती कशी होईल? मग रिकाम्या घराचा पंचनामा, प्रत्येक वस्तूची अंदाजी किंमत, विक्रीची नोंद. घरमालकाचे पत्र, की घर रिकामे होईपर्यंतचे भाडे त्या मालमत्तेतून मिळावे. गॅसच्या शेवटच्या बिलाची थकबाकी. माणसे कुठे गेली, या रकान्यात ‘स्थलांतरित’ एवढाच शेरा. २५ नोव्हेंबर १९४१ च्या एका नियमाने, जो ज्यू परदेशात राहायला जाईल त्याचे नागरिकत्व रद्द आणि मालमत्ता सरकारजमा, असे ठरवून टाकले होते; सीमेपलीकडे गाडीत कोंबून नेणे हेही ‘राहायला जाणे’ धरले गेले. रेल्वेने या प्रवासाचे तिसऱ्या वर्गाचे, एकेरी भाडे किलोमीटरमागे आकारले. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट. चार वर्षांखालील मोफत.

दोन वर्षांपूर्वी एका हुशार मुलाने सुचवले, की आपणही प्रत्येकाने हे विवरणपत्र आपल्या घराचे भरून पाहू या, म्हणजे त्यांना काय वाटले ते कळेल. वर्ग उत्साहात आला. मी नको म्हटले. त्यांना ते कळणार नव्हते. संध्याकाळी घरी जाऊन त्याच खुर्च्यांवर बसून जेवायचे असताना आपल्याला कळले असे वाटणे, हे न कळण्यापेक्षा वाईट. मुले नाराज झाली. त्याऐवजी मी त्यांना या फाईलवर किती जणांच्या सह्या आहेत ते मोजायला सांगितले, आणि तो तास मी आजवर घेतलेल्या तासांत सर्वांत चांगला झाला. सह्यांमध्ये टंकलेखक आहेत, बेलिफ आहे, मूल्यांकन करणारा आहे, वित्त कार्यालयातले कारकून आहेत. यांतल्या कोणीही कोणाला हात लावला नव्हता.

त्यावर नेहमी कोणीतरी म्हणतेच, की नाही म्हटले असते तर त्यांनाच गोळी घातली असती. तेव्हा मी युझेफूवची हकीगत सांगते. १३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधल्या या खेड्यात हाम्बुर्गच्या राखीव पोलिसांची सुमारे पाचशे जणांची तुकडी आणली होती. बरेचसे मध्यमवयीन, कामगार आणि कारकून पेशातले. गावातल्या ज्यू बायका, मुले आणि वृद्ध यांना गोळ्या घालण्याचे काम त्यांच्या मेजरने रडवेल्या आवाजात सांगितले, आणि वयाने मोठ्या असलेल्यांपैकी ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी पुढे यावे, अशी मोकळीकही दिली. सुमारे डझनभर लोक पुढे आले. त्यांना काहीही शिक्षा झाली नाही. संध्याकाळपर्यंत उरलेल्यांनी सुमारे दीड हजार माणसे मारली. नि:शस्त्र लोकांना मारायला नकार दिला म्हणून कोणाला देहदंड झाला, असे एकही प्रकरण युद्धानंतरच्या खटल्यांत आरोपींच्या वकिलांना दाखवता आले नाही. हे ऐकल्यावर वर्ग शांत होतो, पण ती शांतता त्या पहिल्या वर्षीच्या शांततेसारखी नसते. या वेळी मुले काहीतरी मोजत असतात.

परवा याच तासाला त्या सीरियातून आलेल्या मुलीने विचारले, की एखाद्या कारकुनाने फाईल नुसती दाबून ठेवली असती तर? नकार नाही, भाषण नाही. त्रुटी काढून परत पाठवली असती, एखादा जोडपत्राचा कागद मागवला असता, तर ती किती दिवस थांबली असती? मी म्हटले, गाडी एका फायलीने थांबली नसती. ती म्हणाली, ‘गाडीचे नाही विचारले मी.’

मला उत्तर देता आले नाही, आणि म्हणून हे पत्र. लहानपणी आईने मला एकदा सांगितले होते, की बहात्तरच्या दुष्काळानंतर तगाईच्या वसुलीपायी एका विधवेच्या जमिनीच्या जप्तीचे प्रकरण तुमच्या टेबलावर आले होते आणि ते सुगी होईपर्यंत ढिगाच्या तळाशीच राहिले. तुम्ही त्याविषयी कधी बोलला नाहीत आणि मीही विचारले नाही. त्या प्रकरणाची आणि इथल्या फायलींची बरोबरी करण्याचा मूर्खपणा मी करणार नाही. तुमच्यामागे जीव घेणारे सरकार उभे नव्हते. पण तुमच्या हातून चाळीस वर्षे फायली गेल्या आहेत, माझ्या हातून एकही नाही. वरिष्ठांच्या ध्यानात न येता एखादे प्रकरण किती दिवस रोखता येते? बारनिशीत नोंद झाल्यावर तारीख कशी सांभाळायची? शेरा काय लिहायचा? आणि साहेबांनी विचारलेच, तर त्या क्षणी माणसाच्या पोटात नेमके काय होते? हे मला फोनवर सांगू नका, लिहून पाठवा, म्हणजे त्या मुलीला वाचून दाखवता येईल. भाषांतर मी करीन.

नाताळच्या सुट्टीपूर्वी हा भाग संपवायचा आहे, तेव्हा जमल्यास पंधरवड्यात लिहा. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का, तेही कळवा.

आपली,
मंजू