नव्या कार्बोरेटरनंतर गाडी आयडलिंग धरत नाही

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: बदललेल्या कार्बोरेटरची सदोष जोडणी व दिली गेलेली उत्तरं

आज सकाळी तुमच्या ग्राहक सेवेला माझा पाचवा फोन झाला. 'सिस्टिममध्ये जॉब क्लोज दाखवतंय' म्हणून तुमच्याकडच्या मुलीने तो ठेवून दिला. म्हणून हे पत्र.

माझी 2015 ची दीडशे सीसी गाडी जूनमध्ये नाशिकच्या तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिली होती. ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल टपकत होतं, एवढीच तक्रार. आत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची नीडल तेवढी बदलून बघायला हवी होती. तुमच्या लोकांनी न विचारता पेट्रोल-हवा मिसळणारा अख्खा कार्बोरेटर बदलला आणि 3,400 रुपये घेतले. तेव्हापासून गाडी आयडलिंग धरत नाही, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडला की सुरू राहत नाही. द्वारका चौकाच्या गर्दीत दरवेळी बंद पडते. इंजिन तापल्यावरही अर्धा चोक ओढून चालवावी लागते. सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात. प्लगचं टोक पांढरं पडलंय. मिक्श्चर लीन आहे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, हे गाडी बनवणाऱ्यांना मी सांगायचं का?

तीनदा गाडी परत नेली. तिन्ही वेळा आयडलचा स्क्रू पिळून आरपीएम दोन हजारांवर नेऊन ठेवला. तुमच्याच पुस्तिकेत 1,400 लिहिलंय.

चौथ्या वेळी सुपरवायझरला म्हणालो, "मिक्श्चरचा स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढून बघा."
"काका, बाहेर काढला की अजून लीन होतं."
"स्क्रू फिल्टरच्या बाजूला असला तर. ह्याचा इंजिनच्या बाजूला आहे, बाहेर काढला की रिच होतो."
तो दोन पोरांकडे बघून हसला. "काका, आता कार्बोरेटर कोण वापरतं? एफआयची, फ्युएल इंजेक्शनवाली नवी घ्या, डोक्याचा ताप जाईल."

मी अंबडच्या कारखान्यात 22 वर्षं फिटर होतो. शिकाऊ पोरांसमोर असं हसून मी कधी कुणाला उत्तर दिलं नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 चे प्रदूषणाचे नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्या एफआयच्या झाल्या म्हणून त्याआधी तुम्हीच विकलेल्या गाड्या भंगार झाल्या का?

शेवटी स्क्रू फिरवूनही काही फरक पडेना, तेव्हा घरी कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनकडे जाणाऱ्या नळीच्या) जोडावर क्लीनरचा स्प्रे मारला. आरपीएम लगेच वर गेले. म्हणजे तिथून बाहेरची हवा आत ओढली जातेय. बसवताना ओ-रिंग, म्हणजे जोडातलं रबरी कडं, चिमटली असणार. दोन बोल्ट उघडून बघायचं काम आहे. मी ते उघडलं तर 'बाहेर उघडली, वॉरंटी गेली' असं ऐकावं लागेल, म्हणून हात लावलेला नाही.

कार्बोरेटर बदलायची गरजच नव्हती, हे पुन्हा लिहितो.

वडिलांची पहिली गाडीही तुमचीच होती. त्या विश्वासावर मी ही घेतली, म्हणून जास्त लागलंय.

पंधरा दिवसांत जोड विनामूल्य दुरुस्त करा आणि 3,400 रुपये परत द्या. नाहीतर मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाईन. बिलं आणि स्प्रे मारतानाचा व्हिडिओ माझ्याकडे आहे.

आणि माझा जुना कार्बोरेटर मला परत हवा. तो कुठे ठेवलाय, हे पाच फोनांत कुणीही सांगितलेलं नाही.

आपला ग्राहक,
सिडको, नाशिक